अपात्र

फोन वाजला तेव्हा तिच्या एका हातात पिपेट होती आणि दुसऱ्या हातात उंदराच्या यकृताचा रस भरलेली बोटभर नळी. हातमोजे काढायचा कंटाळा आला म्हणून तिनं फोन कोपरानं जवळ ओढला, नाकाच्या शेंड्यानं हिरवं बटण दाबलं आणि "बोला" म्हणाली. नाकानं फोन घ्यायची कला त्या प्रयोगशाळेत सगळ्यांनाच येत होती. पलीकडे ट्रान्सप्लांट विभागातली कोऑर्डिनेटर होती. तिचा आवाज एरवी भाजीवालीशी भाव करावा तसा खणखणीत असायचा, आज तो पायातल्या चपला काढून आल्यासारखा आला. "मॅडम, स्पीकर बंद कराल का? जरा खासगी बोलायचंय." मग मोजे काढावेच लागले. पलीकडच्या टेबलावरची पीएचडीची विद्यार्थिनी मान न वळवता ऐकत होती, म्हणून ती फोन घेऊन थंड खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. तिथं उणे ऐंशी अंशांचे दोन फ्रीज घुरघुरत उभे होते. "तुमची बायॉप्सी आली," कोऑर्डिनेटर म्हणाली. "कमिटीनं तुम्हाला डोनर म्हणून घ्यायचं नाही असं ठरवलंय. लिव्हरमध्ये चरबी बरीच निघाली. आणि फायब्रोसिसची सुरुवात दिसतेय, अगदी थोडी. म्हणजे, तुम्हाला मी काय सांगणार."

काय सांगणार, खरंच. तिचं अर्धं आयुष्य त्या एकाच गोष्टीत गेलं होतं. यकृतात चरबी साठते, चरबीनं ते सुजतं, सुजेनं जखम होते, जखमेवर वण धरतो, तोच फायब्रोसिस, आणि मग एखाद्या यकृतात तो वण धरायचा थांबतच नाही. तो का थांबत नाही एवढाच तिचा प्रश्न होता. पण आत्ता तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आत्ता तिला जाणवत होते फक्त स्वतःचे खांदे. ते खाली आले होते. किती तरी आठवडे ते कानांपाशी चढून बसले होते हे ते उतरल्यावर कळलं. पोटाच्या उजव्या बाजूला, फासळ्यांखाली, जिथं सर्जननं बोटानं हवेत एक लांब वाकडी रेघ काढून दाखवली होती, तिथली कातडी जणू परत तिची झाली. श्वास खोल गेला. डोळ्यांत पाणी आलं आणि ते दुःखाचं नव्हतं. हे सुख होतं, त्याला दुसरं नाव देता येत नव्हतं. ते इतकं आयतं, इतकं चटकन आलं की लाज मागून धापा टाकत यावी तशी उशिरा पोचली.

"मॅडम? आहात ना?"

"आहे. ऐकतेय."

"घरच्यांना आम्ही एवढंच कळवतो, डोनर वैद्यकीयदृष्ट्या अपात्र. कारण सांगत नाही. तो तुमचा खासगी मामला, कोणी कितीही विचारलं तरी. आणि अजून एक सांगायला हवं, नियम आहे म्हणून सांगते. तुमच्यासारखे काही जण खाणंपिणं सुधारून, रोज चालून चरबी उतरवतात आणि तीन-चार महिन्यांनी परत तपासणीला येतात. तेव्हा जमतंही कधी कधी. पण ते सर्वस्वी तुमच्यावर. आम्ही मागं लागणार नाही, आणि हे तुमच्या बहिणीला सांगणारही नाही. तुम्ही सांगितलंत तरच कळेल."

"हो," ती म्हणाली. "थँक्यू." आणि फोन ठेवल्यावर तिथंच, त्या घुरघुरणाऱ्या फ्रीजला पाठ टेकून उभी राहिली. पाठीला थरथर लागत होती. बरं वाटत होतं.

प्रयोगशाळेत परत आल्यावर तिनं नवे मोजे चढवले आणि नळ्या मोजून ठेवल्या, कारण हात रिकामे राहिले की त्यांच्याकडं बघावं लागतं. विद्यार्थिनीनं विचारलं, "काही सिरियस?" ती म्हणाली, "नाही, आज ही बॅच तू संपव." पोरगी गोंधळली, बॅच मॅडम कधी कुणाला देत नसत. त्या नळ्यांमध्ये तिचा आरएनए होता. तिचा म्हणजे तिनं शोधलेला, अर्थात एकटीनं नाही, पण पहिल्यांदा त्याच्याकडं बोट तिनं दाखवलं होतं. पेशीत सगळी कामं प्रथिनं करतात आणि प्रथिनं कशी बनवायची याचा निरोप आरएनए नेतो, इतकं शाळेतल्या पुस्तकातही असतं. पण आरएनएचे असेही धागे असतात ज्यांच्यावर कुठल्याच प्रथिनाचा निरोप नसतो. त्यांच्यापासून काही बनत नाही. वर्षानुवर्षं लोक त्याला केरकचरा म्हणायचे. ती विद्यार्थिनी असताना तिच्या गाइडनं हसत हसत सांगितलं होतं, या कचऱ्यात हात घालू नकोस, करिअरचा वास येईल. तिनं घातला. यकृतात चांदणीच्या आकाराच्या काही पेशी असतात, एरवी निवांत, पोटात जीवनसत्त्वाचे थेंब साठवून पडलेल्या. जखम झाली की त्या उठतात आणि दोऱ्यांसारखे तंतू टाकून जखम बुजवतात. जखम बुजली की त्यांनी परत निजायचं असतं. ज्यांच्यात तिचा हा बिनकामाचा आरएनए वाढलेला असतो त्या निजत नाहीत. तो स्वतः काही बनवत नाही, तो नुसता बसून राहतो, आणि तो बसलाय तोवर तंतूंचं काम सुरू राहतं. उंदरांमध्ये त्याला अडवलं की पेशी निजायच्या, आणि लवकर अडवलं तर झालेला वणसुद्धा हळूहळू विरघळायचा. उंदरांमध्ये. माणसांसाठी अजून काही नव्हतं, आणि कधी होईल हे सांगणाऱ्यांवर तिचा आता विश्वास राहिला नव्हता.

ताईला तिनं हे एकदा समजावून सांगितलं होतं. ताई तेव्हा अजून जलतरण तलावावर शिकवायला जायची. ऐकून घेतल्यावर म्हणाली, "म्हणजे घरात एखादा मेहुणा येऊन राहतो, काम काही करत नाही, पण तो आहे म्हणून दिवसभर चहा टाकावा लागतो. तसं." त्यानंतर ताईनं त्याचं नाव रिकामटेकडा ठेवलं. भेटली की पहिला प्रश्न, "काय म्हणतोय तुझा रिकामटेकडा?" तलावावरच्या बायकांना ती सांगायची, माझी धाकटी बहीण लिव्हरवरचं औषध शोधतेय, झालंच आता. त्या वेळी ताईच्या स्वतःच्या यकृतात काय चाललंय हे कुणालाच माहीत नव्हतं, ताईला तर नाहीच. शरीरानं ती आधीपासून भरलेली होती. पाण्यात मात्र तिचं वजन कुठं जायचं कोण जाणे. तलावाच्या कडेला गळ्यात शिट्टी घालून उभी राहिली की पोरं तिला टरकायची. पाण्यात उतरली की तीच पोरं तिच्या दंडाला लटकायची. आई गेली तेव्हा ताई नुकती वीस वर्षांची झाली होती आणि ही अजून फ्रॉकात. ताईनं तिला पाण्यावर उताणं तरंगायला शिकवलं ते पाठीखाली तळवा धरून. तळवा पाठीखाली आहे, आहे, आहे, असं वाटत राहायचं, आणि मग एकदम कळायचं की तो कधीच काढून घेतलाय आणि ताई चार हातांवर उभी राहून छताकडं बघतेय. त्याचा राग यायचा. वर्षानुवर्षं ताईच्या केसांना क्लोरिनचा वास येत राहिला. त्या वासाला ती आईचा वास समजायला लागली होती, तेही हे चूक आहे हे माहीत असूनही.

डोनर व्हायचं तिनं स्वतःच पुढं होऊन सांगितलं होतं. कुणी मागितलं नव्हतं. यकृताच्या डॉक्टरांच्या खोलीत ताई, दाजी आणि ती असे तिघं बसले होते. डॉक्टर सांगत होते की मृत व्यक्तीच्या अवयवासाठी यादी लांब आहे, ताईचा रक्तगट अवघड आहे, यकृताचा तुकडा देणारं घरातलं कुणी असेल तर बघा. दाजींचा गट जुळत नव्हता. मूलबाळ नव्हतं. खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतंच. ती शांतता तिला सहन झाली नाही. "मी आहे ना," ती म्हणाली, आणि दाजी खुर्चीतल्या खुर्चीत रडायला लागले. ताई फक्त म्हणाली, "बघू." त्या 'बघू'वर ती पुढचे कित्येक आठवडे टेकून राहिली होती. ताईला हे नकोय, तिला वाटायचं. ताई धाकट्या बहिणीच्या पोटावर सुरी चालू देणार नाही, शेवटच्या क्षणी नाही म्हणेल, आणि मग सगळं ताईच्या नकारात मिटेल. सगळे तिला धीराची म्हणायचे. लॅबमधले तिच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले होते. आणि ती रोज संध्याकाळी घरी येऊन, भूक नसल्यामुळं चहात बिस्किटं बुडवून पुडेच्या पुडे संपवायची, सोफ्यावर तशीच आडवी व्हायची आणि छताकडं बघत विचार करायची की भूल चढताना माणूस कुठं जातो. उभ्या जन्मात तिनं यकृत पाहिलं होतं ते काचेवर, नळीत, बर्फात, भुकटी करून. ते तिच्या आतही आहे, उबदार, दीड किलोचं, आत्ता या क्षणी काम करत असलेलं, हे तिच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. ताई तिला लहानपणापासून काडी म्हणायची. काडीच्या पोटात कुठली चरबी? कमिटीतल्या कुणाच्याही मनात तो संशय नव्हता. आधी स्कॅनवर पांढरट दिसलं म्हणून मग सुई घातली.

दुपारी ती इस्पितळाच्या पॅथॉलॉजीत गेली. जायची गरज नव्हती. पण घरीही जावंसं वाटेना आणि ताईकडं तर मुळीच नाही. पॅथॉलॉजिस्ट तिच्या ओळखीचा होता. जाड चष्म्याचा, सतत सर्दी असलेला गृहस्थ. कित्येक वर्षं तो तिला नाव-गाव पुसलेल्या स्लाइड पाठवत आला होता. तिनं मागितल्यावर तो क्षणभर घुटमळला, मग म्हणाला, "तुमचीच आहे, तुम्हाला कोण नाही म्हणणार," आणि ट्रेमधून काचपट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. तिनं डोळे लावले. सवयीनं बोट आपोआप फिरलं आणि दृश्य स्पष्ट झालं. पेशींच्या लालसर गर्दीत चरबीचे गोल, पांढरे, रिकामे थेंब. कुठल्याही अनोळखी माणसाच्या असतात तसेच. एका मोठ्या शिरेच्या भोवती, पेशी-पेशींच्या फटींतून, निळ्या रंगाचे केसाएवढे तंतू, कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशी जाळी नुकती कुणी विणायला घ्यावी तसे. तिनं मनातल्या मनात आकडा दिला. पहिली पायरी, तीही पुरती नाही. याला वेळ आहे, तिच्या डोक्यातला तो कोरडा आवाज म्हणाला, जो विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घ्यायचा. हा मागं फिरणारा वण आहे. या पायरीवर सूज उतरली की पेशी निजतात. खाणं बदला, हातपाय हलवा, आणि काही महिन्यांत ही जाळी विरळ होईल, चरबी तर त्याच्याही आधी जाईल. औषध लागत नाही. हे तिला जितकं पक्कं माहीत होतं तितकं त्या इमारतीत कुणालाच नव्हतं. कोऑर्डिनेटर 'जमतंही कधी कधी' म्हणाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होतं ते 'कधी कधी' नव्हतं.

तिनं डोळे काढले. पॅथॉलॉजिस्ट नाक पुसत म्हणाला, "नमुना थोडा उरलाय. तुमच्या लॅबला पाठवू? तुमचा तो आरएनए मोजता येईल. एकाच माणसाचा आकडा, पण मजेदार." शेकडो माणसांच्या उरलेल्या तुकड्यांसाठी तिनं याच माणसाच्या विनवण्या केल्या होत्या. "राहू दे," ती म्हणाली. तो चष्म्यावरून बघत राहिला. तिला कळेना आपण का नको म्हणालो. जास्त निघाला असता तर ती तिच्या सिद्धांताची जीत झाली असती आणि तिला आनंद झाला असता, आणि आज आणखी एका आनंदाची तिला भीती वाटत होती. नाही निघाला असता तर अर्धं आयुष्य वाया. दोन्ही ओझी उचलायची ताकद नव्हती. तिनं त्याचे आभार मानले आणि जिना उतरून बाहेर आली.

रस्त्यावर ऊन कलतं होतं. ताईचं घर तिथून चालत जाण्यासारखं होतं, बसनं तर पाच मिनिटांचं. ती बसस्टॉपवर बसून राहिली आणि दोन बसगाड्या जाऊ दिल्या. शेजारी एक म्हातारा शेंगांची टरफलं पिशवीत नीट गोळा करत होता. आपण अपात्र आहोत, ती मनात म्हणून बघत होती. शब्द चांगला होता, सरकारी, त्याच्यापुढं कुणाचं चालत नाही. ताईला सांगायचं, अपात्र ठरले. ताई म्हणेल, जाऊ दे गं काडे, बरंच झालं, तुला कापायला नको. दाजी मान हलवतील. चहा होईल. कुणी काही विचारणार नाही, आणि ती खोटं एक अक्षर बोललेली नसेल. अर्ध्यावर थांबणं म्हणजे खोटं नव्हे. तिच्या क्षेत्रात तर माणसं निम्मे निकाल छापून नावारूपाला आली होती. तिसरी बस आली तेव्हा ती उठली, कारण म्हाताऱ्यानं तिला विचारलं होतं, "कुठं जायचंय बाई? चुकलात का?"

दार दाजींनी उघडलं. त्यांच्या अंगावर बाहेर जायचे कपडे होते. केमिस्टकडं निघालो होतो, म्हणाले, बरं झालं आलीस, तोवर बस हिच्याजवळ. त्यांनी आवाज खाली आणला. "आज बरी आहे. काल साबण फ्रीजमध्ये ठेवला होता. मला म्हणाली, लोणी आहे." यकृत थकलं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत चढते आणि माणूस असं करतो, हे तिनं स्वतःच दाजींना समजावलं होतं. त्यांनी चपला घातल्या, मग दारातच थांबून म्हणाले, "कळलं का काही?" "सांगते," ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या." त्यांच्या उतरत्या पावलांचा आवाज जिन्यात बराच वेळ येत राहिला.

ताई खिडकीपाशी खुर्चीत होती, पाय समोरच्या स्टुलावर. पायांवर सूज, पोट पाण्यानं तट्ट आणि खांदे मात्र हँगरसारखे. ज्या दंडांना पोरं लटकायची तिथं आता कातडी लोंबत होती. डोळ्यांतलं पांढरं पिवळं पडलं होतं. पण आज नजर ठिकाणावर होती, धाकटीवर आल्या आल्या रोखलेली.

"फोन आला होता इकडं," ताई म्हणाली. "त्या बाईचा. यांना दिला नाही मी, मीच घेतला. म्हणाली, अपात्र."

"हं."

"मी विचारलं, का. तर म्हणे सांगता येत नाही. तुला काय झालंय?"

"काही नाही गं. यकृतात थोडी चरबी आहे माझ्या."

ताईनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझ्या?" मग तिला हसू आलं, आणि हसताना पोट दुखलं म्हणून तिनं ते दाबून धरलं. "काय पण थट्टा आहे. मी आयुष्यभर ओझं घेऊन फिरले ते फिरले, आणि काडीच्या आत पण तेच." हसू ओसरलं. ताई खिडकीबाहेर बघायला लागली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं. धाकटी वाट बघत होती. जाऊ दे गं काडे, हे शब्द आता येतील, आत्ता येतील, आणि ते आले की ती उठून चहा टाकणार होती. दुधाचं पातेलं कुठं असतं तेही तिच्या डोळ्यांपुढं आलं होतं.

"मला वाटलं होतं, होईल," ताई म्हणाली.

ती अजून बाहेरच बघत होती.

"मी बोलले नाही कुणाला. तू म्हणालीस ना त्या दिवशी, मी आहे म्हणून, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की माझीच मला शरम वाटली. मनात म्हटलं, धाकट्या बहिणीचं पोट फाडून घ्यायला निघालीस, आणि बरं वाटतंय? म्हणून नुसतं बघू म्हणाले. हो म्हणायचं होतं मला. रोज वाटायचं, तू येशील आणि म्हणशील, ताई नको, मला भीती वाटते. आलीस की आधी तुझं तोंड बघायचे." ती थांबली. श्वास पुरत नव्हता. "मला जगायचंय गं. एवढं वय झालं, बघण्यासारखं काही राहिलंय असंही नाही. पण जगायचंय. सकाळी जाग आली की आधी हेच येतं मनात. लाज वाटते सांगायला."

लाज. तो शब्द ताईच्या तोंडून आला आणि तिला वाटलं, खोलीत दोघींच्या मध्ये काही तरी ठेवलंय आणि दोघीही त्याच्याकडं न बघता बसल्यात. इतकी वर्षं ती ताईला न मागणारी बाई समजत आली होती. आईच्या मागं तिला वाढवणारी, तिच्या फीसाठी दोन-दोन पाळ्या करणारी, पोळ्यांमधली शेवटची तिच्या ताटात टाकणारी. त्या समजुतीवर तिनं आजची सगळी दुपार रचली होती. आणि समोर पिवळ्या डोळ्यांची एक बाई बसली होती जिला मरायचं नव्हतं, बस, जिला दुसरं काही नको होतं. ती तिला अनोळखी वाटली. मग वाटलं, नाही, अनोळखी नाही, हीच तर आत्ता दुपारी थंड खोलीत फ्रीजला टेकून उभी होती.

"ताई," ती म्हणाली. बाहेर चादर झटकल्याचा फट्ट आवाज झाला. "पूर्ण नाही सांगितलं त्यांनी तुला. म्हणजे, त्यांना सांगता येत नाही. ही चरबी जाते. वणसुद्धा, माझा आहे तेवढा, जातो. मी आज बघून आले स्वतः. तीन-चार महिने नीट राहिले, खाणं सांभाळलं, रोज चाललं, की परत तपासतात. मग घेतात."

ताई हळूहळू तिच्याकडं वळली.

"तुला कधी कळलं हे?"

"दुपारी. फोनवरच."

"मग आल्या आल्या का नाही बोललीस?"

खोटं बोलायला काही नव्हतं आणि खरं जिभेवर येत नव्हतं. ताईनं उत्तराची वाट बघितली, मग सोडून दिली. तिला कळलं होतं. ते तिच्या चेहऱ्यावर आलं आणि तिथंच थोडा वेळ राहिलं, आणि धाकटीनं ते बघितलं, मान खाली न घालता, कारण आता तेवढं तरी करणं भाग होतं. आता ताई म्हणेल, राहू दे. अजूनही तिच्या मनाचा एक कोपरा तेच मागत होता, निर्लज्जपणे.

"भीती वाटते?" ताईनं विचारलं.

"खूप."

"मलाही," ताई म्हणाली. "तरी कर."

मग जिन्यात दाजींची पावलं वाजली आणि ताई एकदम तिच्या तलावावरच्या आवाजात, म्हणजे त्याचा जेवढा उरला होता तेवढ्यात, म्हणाली, "बिस्किटं बंद. मला माहितीये तू काय खातेस ते."

पुढचे महिने तिला नीट आठवत नाहीत, फक्त पोटऱ्या आठवतात. ती सकाळी लॅबला चालत जायची, संध्याकाळी चालत यायची, आणि येताना ताईचा फोन असायचा. "चाललीस?" "चालले." "काय खाल्लंस?" ताई आभार मानायची नाही, बरं-वाईट विचारायची नाही. हजेरी घेऊन फोन ठेवायची. कधी कधी तिला ताईचा संताप यायचा, रस्त्यात थांबून रडावंसं वाटायचं, की हे माझं शरीर आहे आणि मी ते दुसऱ्यासाठी घासूनपुसून ठेवतेय. भीती गेली नाही. ती तिच्या बरोबर चालायची, तिच्याच वेगानं. लॅबमध्ये विद्यार्थिनीच्या उंदरांना नवा खुराक सुरू झाला होता आणि त्यांच्यातला रिकामटेकडा कमी होत चालला होता. पोरीनं आलेख दाखवला तेव्हा ती "छान" म्हणाली आणि खुर्चीतच डोळे मिटून बसली. पोरीला वाटलं मॅडम विचार करतायत.

मग ताईला एकदा जास्त झालं. त्या साबणाच्या वेळेसारखं नव्हे, खूप जास्त. दोन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. धाकटी तिच्या कॉटशी उभी होती तेव्हा ताई तिला परक्या बाईशी बोलावं तशी अहो-जाहो करत म्हणाली, "जरा बघता का हो, माझी बहीण येणार होती, अजून आली नाही." "येईल," ती म्हणाली. "उशीर करते ती नेहमी," ताई म्हणाली आणि डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी औषधांनी शुद्ध आली, पण डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं की असा झटका परत येणार, आणि प्रत्येक वेळी परतीची खात्री देता येणार नाही.

धाकटीची फेरतपासणी त्याच आठवड्यात होती. स्कॅन झाला, पुन्हा सुई घातली. निकाल सांगायला यकृताच्या डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं. चरबी मर्यादेत आली होती. तंतू शोधावे लागत होते. ते म्हणाले, इतकं चांगलं क्वचितच उतरतं, तुमच्यावर एखादा पेपर लिहायला हवा. तिला हसू आलं नाही. ते म्हणाले, ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या अखेरीस धरू, तोवर बाकीच्या तपासण्या होतील, तुम्हालाही मनाची तयारी करायला वेळ मिळेल. अजून प्रश्न असतील तर विचारा, कुठलाही.

तिला वाटत होतं, आता खांदे चढतील. ती त्यांची वाट बघत होती. फासळ्यांखालची ती जागा होती तिथंच होती, भीतीही होती, जुनी, ओळखीची. पण तिच्या पुढं येऊन दुसरंच काही उभं राहिलं होतं, कॉटवर डोळे मिटून पडलेलं, उशीर करते ती नेहमी असं म्हणणारं.

"तारीख अलीकडे घेता येईल का?" ती म्हणाली. आवाज तिचाच होता. "पुढच्या आठवड्यात? माझ्या बाजूनं काही अडचण नाही."

डॉक्टरांनी कॅलेंडर ओढलं, चष्मा कपाळावर सरकवला, फोन लावून कुणाशी तरी बोलले, परत कॅलेंडर बघितलं. "घाई होईल," ते म्हणाले. मग म्हणाले, "बुधवार चालेल?"

"चालेल."

बाहेर कॉरिडॉरमध्ये दाजी भिंतीशी उभे होते. तिनं त्यांना बुधवार सांगितला. त्यांनी तिचा हात धरला आणि काही बोलायला तोंड उघडलं, पण ती तोवर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पाय भरून आले होते. भर दुपार होती, माणसं ये-जा करत होती, कुठं तरी ट्रॉलीचं चाक कुरकुरत होतं. दाजी ताईला सांगायला आत गेले. परत आले तेव्हा ती भिंतीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून, गाढ झोपली होती. त्यांनी तिला उठवलं नाही.